सिम चंदनाच्या नावावर

"मैदानातली शिट्टी ठेव खाली, कुकरची वाजव जा." आणि खाली ओळीनं हसणारे पिवळे चेहरे.

चेंडू हाताला लागला म्हणून दर वेळी पेनल्टी होत नाही. हात अंगाबरोबर होता की अंगापासून लांब, हे बघायचं असतं, आणि ते बघायला डोळ्याची एक उघडझाप मिळते.

आजऱ्याच्या शेडमध्ये काजू फोडायला बसण्याआधी बायका हाताला तेल चोळतात. टरफलातला चीक कातडीला लागला तर साबणानं जात नाही. कातडी सोलून नवी यावी लागते.

एका आधार कार्डावर नऊ सिम घेता येतात.

दहा दिवस उपाशी असलेल्या पोटाला आधी धान्य दाखवायचं नाही. मुगाचं कढण, तेही गाळलेलं, चमच्याचमच्यानं.

बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, माईकवर पंडित सकाळी म्हणाले, "ज्यानं क्षमा मागितली, त्याला आजच्या दिवशी नाही म्हणायचं नाही." बाहेर रस्ताभर गुलाल सांडला होता. कालच्या विसर्जन मिरवणुकीतली शेवटची मंडळं अजून इराणी खणीला पोचली नव्हती, आणि लांबून डॉल्बीचे ठोके येऊन छातीत बसत होते.

*

चंदना बस्तीतून परतली तेव्हा तिला जिन्यात दोनदा टेकावं लागलं. कपाळाला लावलेलं अभिषेकाचं गंधोदक वाळून कातडी ताणल्यासारखी झाली होती. दर भाद्रपदात ती दशलक्षणाचे दहा उपवास धरायची आणि दर वर्षी पारण्याच्या सकाळी मगदुमांच्या या घरात जिन्यापर्यंत चपला यायच्या. पाहुणे यायचे, पेठेतली माणसं यायची, आजऱ्याहून घरच्या काजूच्या शेडवरच्या बायकाही यायच्या. आलेल्या प्रत्येकानं तिला एक चमचा कढण पाजायचं आणि मग घरातल्या थोरामोठ्यांनी एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत.

यंदा जिन्यात परकी चप्पल एकच होती. तिच्या भावाची.

"आलीस? बस, बस," वर्धमान म्हणाला. त्यानं स्वतः खुर्ची मांडून ठेवली होती, वर घडीची शाल. नवऱ्यानं आपल्यासाठी खुर्ची मांडली म्हणजे काहीतरी मागणार, हे चंदनाला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

खिडकीशी तिचा दीर वृषभ पाठमोरा उभा होता. भाऊ धैर्यशील जयसिंगपूरहून भल्या सकाळी आला होता. आज कोर्टाला सुट्टी असूनही त्याची काळी बॅग मांडीवर होती. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येत होता. कढण गाळत होती ती प्राची, वृषभची मुलगी. तिची आई स्नेहल गेली तेव्हा ही पोर पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाची होती. तेव्हापासून तिची वेणी चंदनानंच घातली.

चिराग, चंदनाचा स्वतःचा मुलगा, वरच्या खोलीत होता. दार लावून.

"आक्का, कढण येईपर्यंत दोन गोष्टी बोलून घेऊ," धैर्यशील आवाज खाली आणत म्हणाला. "उद्या सायबर पोलिसांकडं जायचंय. ते एकच विचारणार, हा नंबर कोण वापरतं. नंबर तुझ्या नावावर हाय. तू म्हणायचं, मीच वापरतो."

"मी?"

"घरातला जादाचा फोन हाय म्हणायचं. व्हिडिओ बघत बसलोतो, कुठं काय दाबलं गेलं कळलं न्हाय. दहा-दहा उपवास करणारी बाई तू. तुला कोण आत टाकतंय? बाकीचं मी बघतो. प्राचीनं तक्रार नको म्हणून सहीचं पत्र दिलं की हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज टाकू. आता तर सर्किट बेंच हितंच आलंय. मुंबईचे हेलपाटेसुद्धा न्हाईत."

"आणि प्राचीच्या नंबरखाली काय लिहिलं होतं म्हणे. ते पण माझ्याकडनं दाबलं गेलं का?"

धैर्यशीलनं बॅगेची चेन उघडली आणि परत लावली.

*

सिम तिच्या नावावर कशी, याचं उत्तर साधं होतं. वर्धमानच्या आधार कार्डावरचं बोट मशीनला कधी ओळखता आलं नाही. तरुणपणी आजऱ्यात बापाच्या हाताखाली काजू फोडून फोडून त्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. म्हणून घरात काही घ्यायचं झालं की दुकानदार म्हणायचा, वहिनींना पाठवा. चंदना जायची, अंगठा टेकवायची, हिरवा दिवा लागायचा. वर्धमानचा फोन, वृषभचा, शेडच्या गेटवरच्या पहारेकऱ्याचा, चिरागचा पहिला आणि चिरागचा दुसरा. कागदावर चंदना एकाच वेळी आजऱ्यात होती, मंगळवार पेठेत होती, तालमीच्या कट्ट्यावर होती आणि रात्री दोन वाजता जागीही होती.

यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

एप्रिलात सयाजी तालमीच्या फुटबॉल संघाचा अंतिम सामना झाला. मुख्य पंचाच्या पोटरीत गोळा आला आणि चौथी पंच म्हणून बाकावर बसलेल्या प्राचीच्या हातात शिट्टी आली. शाळेत ती मुलींना खेळ शिकवायची. पंचाची परीक्षा तिनं चंदनाच्या देवघरात बसून पाठ केली होती. सामना संपत आला असताना सयाजी तालमीच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला आणि तिनं पेनल्टीच्या ठिपक्याकडं बोट दाखवलं. पेठ हरली. तालीम स्वतःच्याच पेठेतली. वृषभनं तरुणपणी तिच्याच गोलात उभं राहून बोटं मोडून घेतलेली.

त्या संध्याकाळी समर्थकांच्या एका पेजवर प्राचीचा फोटो आला. फोटोखाली तिचा नंबर आला. इचलकरंजीपासून दुबईपर्यंत कुठून कुठून फोन आले. मग तिच्या तोंडाला दुसऱ्याच बाईचं अंग जोडलेली चित्रं आली. शाळेनं 'वातावरण निवळेपर्यंत' घरी बसायला सांगितलं. ते निवळलं की नाही हे शाळेनं परत विचारलं नाही.

पोलिसांत तक्रार द्यायला प्राचीबरोबर गेला होता तो वर्धमान. पुतणीचा हात धरून. बाहेर आल्यावर पत्रकारांसमोर म्हणाला होता, "असल्यांना दहा वर्षं सडवलं पाहिजे, तेव्हाच बाकीचे सरळ होतील." ते वाक्य त्याच्या फोटोसकट छापून आलं होतं. त्याच्या काजूच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली तो कागद अजून होता.

दशलक्षणातल्या उत्तम सत्याच्या दिवशी, उपवासाच्या ऐन मध्यात, एक पोलीस बाई नोटीस घेऊन आली. नोटिशीवर चंदनाचं नाव होतं. अंगणात सतरंजीवर बसून ती माळ ओढत होती. तिनं चिरागकडं बघितलं, तेव्हा त्यानं आधी खिसा चाचपला.

*

टिंग.

चौघांचेही फोन एकदमच वाजले. वर्धमाननं सकाळी आपल्या फोनमधल्या सगळ्यांना पाठवलेला संदेश फिरून फिरून परत घरच्याच गटावर आला होता. कमळाचं फूल, दोन जोडलेले हात आणि खाली: जाणता-अजाणता आमच्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा. मगदूम परिवार, कोल्हापूर-आजरा.

*

"पोराचं मर्चंट नेव्हीचं बोलावणं येईल आता," वर्धमान म्हणाला. "बोटीवर घ्यायच्या आधी पोलिसांचा दाखला मागतात. नावावर गुन्हा असला की संपलं. आपल्या घराण्यातला पहिला पोरगा समुद्र बघणार होता."

"आणि प्राचीचं काय संपलं ते?" चंदनानं विचारलं.

"तिचं काय संपलंय? घरात हाय, खातीपिती हाय. चार महिन्यांनी पेठ विसरंल." मग त्याचा आवाज मऊ झाला. "म्हणून तर आजचा दिवस धरला. आज तिला न्हाय म्हणता येणार न्हाय."

चंदनानं दिराकडं बघितलं. "भाऊजी?"

वृषभ वळला नाही. "मला काय विचारता वहिनी. आण्णा म्हणतोय तर... घरात दोन चुली व्हायला नकोत."

थोरला भाऊ बोलतो आणि धाकटा मान हलवतो, हे या घरात इतकी वर्षं चालत आलं होतं. शेडच्या वाटणीच्या वेळी तसंच झालं. आजारी स्नेहलला मुंबईला न्यायचं की इथंच ठेवायचं, तेव्हाही तसंच. चंदनाला त्या वेळचं सगळं आठवलं.

प्राची कढणाची चांदीची वाटी घेऊन आली. सामना सुरू व्हायच्या आधी बघावं तसं तिनं एकेकाकडं बघितलं.

"चिरागला बोलवा की. सगळ्यांनी पाजायचं असतंय."

वर्धमानचा चेहरा उजळला. "ए चिराग! ये खाली, ताई बोलवाय लागली."

तो आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हातात फोन नव्हता, आणि फोन नसलेल्या हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.

"आधी ताईला हात जोड," वर्धमान म्हणाला.

चिरागनं हात जोडले. "ताई, जाणता-अजाणता माझ्याकडनं तुझं मन दुखावलं असंल तर उत्तम क्षमा."

प्राचीनं वाटी तिपाईवर ठेवली, हात जोडले आणि मान लववली. "उत्तम क्षमा. दिली."

चंदनानं तिच्या आवाजात टोचणी शोधली. नव्हती.

वर्धमाननं मांडीवर थाप मारली. "मिटलं! म्हणत नव्हतो मी? रक्ताची माणसं ती. धैर्यशील, काढ तो कागद."

धैर्यशीलनं बॅगेतला कागद काढून तिपाईवर ठेवला.

"कसला कागद, आण्णा?" प्राचीनं विचारलं.

"तक्रार मागं घ्यायचा."

"तक्रार मागं घेतो असं मी कवा म्हणलो?"

"आत्ता क्षमा केलीस की, सगळ्यांच्या देखत!"

"केली. मनात काय ठेवणार न्हाय. उद्यापासनं त्याच्याशी बोलणार पण." प्राचीनं पदर नीट केला. "जबाब पण देणार."

"ही कुठली क्षमा?" वर्धमान उभा राहिला. "एका हातानं द्यायची आणि दुसऱ्या हातानं पोलिसात घालायचं?"

"तुम्हीच सांगत होता लहानपणी. क्षमा केली म्हणून केलेलं कर्म झडत न्हाय, ते ज्याचं त्यानं भोगून संपवायचं असतंय."

"मला प्रवचन नको सांगू, पोरी! चारशे जणांनी लिहिलंय त्या फोटोखाली. तालमीतली निम्मी पोरं, त्यात दोघं तर शिक्षक. त्यातला एक धरून फासावर दिलास तर बाकीचे सुधारणार हाईत काय? आँ?"

"दाजी, जरा हळू," धैर्यशील म्हणाला, आणि प्राचीकडं वळला. "मी वकील म्हणून सांगतो, मामा म्हणून न्हाय. असल्या केसी माझ्याकडं येतात. निकाल लागेपर्यंत पोरींची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेला जायला लागतात. निम्म्या वेळेला तर परदेशातल्या कंपनीकडनं कागदच येत न्हाईत, खातं कुणाचं होतं ते कळत न्हाय. कायद्याला कोण भितंय? जो नवशिका असतो तो सापडतो. तरबेज असतो तो न्हाय."

"म्हणजे आमचं नवशिकं हाय म्हणून सापडलं," वर्धमान म्हणाला. "बघ!"

कुणीच हसलं नाही.

"तुम्ही म्हणताय ते खरं असंल मामा," प्राची म्हणाली. "तक्रारीची बातमी पेपरात आली, तेव्हा दोन दिवस एक अक्षर आलं न्हाय. मला वाटलं, भ्यायले. तिसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, 'केस करती म्हणे, करू दे, सगळे मिळून आत जाऊ, सहल होईल.' त्याखाली पुन्हा दोनशे जण. तवा कोण भितंय आणि कोण न्हाय, मला पण ठाऊक न्हाय. पण एप्रिलात आण्णा माझ्यासंगट आलेले. तवा ते म्हणत होते, दहा वर्षं सडवा. तवा कायदा चालत होता. आपल्या घराच्या जिन्यापर्यंत आला, तर चालंना झालाय."

वर्धमान खाली बसला.

*

जे चंदना त्या वेळी बोलली नाही:

की चिरागला ताप असला की तो आधी ताईला हाक मारायचा.

की बोटीची वर्दी घातलेला चिराग तिनं मनात इतक्या वेळा बघितला होता, की तो फोटो काढल्यासारखा झाला होता.

की रात्री पोलिसांच्या कोठडीत मुलं कुठं झोपतात, हे तिनं नोटिशीनंतरच्या उपवासांत एकदाही माळ न चुकवता विचार करून बघितलं होतं.

*

खिडकीशी वृषभ वळला. बऱ्याच वेळानं बोलल्यामुळं त्याचा आवाज घोगरा निघाला.

"चिराग, एक विचारतो. खरं बोल. पोलीस घरापर्यंत येतात हे ठाऊक असतं, तर केलं असतंस?"

धैर्यशीलनं भाच्याकडं डोळे वटारले. न्हाय म्हण, असं ते डोळे स्पष्ट सांगत होते.

चिरागनं आईकडं बघितलं. "दुसऱ्या सिमवरनं केलं असतं, काका."

धैर्यशीलनं डोळे मिटले.

"म्हणजे... तवा तसंच डोक्यात होतं," चिराग घाईनं म्हणाला. "सगळेच तुटून पडलेले. मी काय नाही टाकलं तर म्हणाले असते, तुझी बहीण म्हणून गप हाईस. मला दोघांनी तसं म्हणलं पण. मग मी सगळ्यांच्या पुढं गेलो. ताई हाय असं वाटतच नव्हतं. रेफ्री होती."

खाली रस्त्यावर झाडूवाल्यांची गाडी लागली होती. गुलाल ओढल्याचा फरफर आवाज येत होता.

"काय लिहिलंतंस?" चंदना म्हणाली.

"मम्मी..."

"नंबरखाली काय लिहिलंतंस? नोटिशीत नुसतं 'मजकूर' म्हणलंय. मला कुणी सांगितलं न्हाय, मी विचारलं न्हाय. जाणता-अजाणता नको मला. अजाणता काय होतं त्यात? बोल, मग पाज मला. तोवर मी काय पोटात घेणार न्हाय."

"आक्का, चक्कर येईल तुला," धैर्यशील म्हणाला.

"येऊ दे."

चिरागचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यानं परत प्रयत्न केला. मान तेवढी खाली गेली. "तोंडानं नाही म्हणता येत," तो पुटपुटला.

मग प्राची बोलली. नियम वाचून दाखवावा तशी, शब्द न ओढता.

"'हिला रात्री फोन करा. मागेल त्याला देती.' आणि हसणारा चेहरा."

चंदनानं खुर्चीचा हात धरला. वर्धमाननं तोंड बाजूला केलं. त्यानं ते आधी वाचलं होतं, हे त्या मान फिरवण्यातून तिला कळलं.

वृषभला ठाऊक नव्हतं. तोही नोटिशीतल्या त्या एका शब्दावरच थांबला होता. मुलीचा फोन उघडून बघायचं धाडस त्याला एप्रिलापासून झालं नव्हतं. तो चालत आला, तिपाईवरचा धैर्यशीलचा कागद त्यानं उचलला, त्याची चौघडी केली आणि धैर्यशीलच्या बॅगेवर ठेवली. फाडला नाही. फाडणारा माणूस तो नव्हता.

"आण्णा," तो म्हणाला, "ह्यात मी न्हाय."

"वृषभ!"

"पेनल्टी दिली म्हणून मी तिच्याशी दोन आठवडे धड बोललो नव्हतो. पोरीला वाटलं असंल, बाप पण त्यातलाच. आता आणि गप बसलो तर तसंच होईल ते. मी उद्या तिच्याबरोबर जाणार."

"म्हणजे घर फोडायचं ठरवूनच आलायसा सगळे," वर्धमान म्हणाला. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. तो बायकोकडं वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चंदनाला त्याच्या डोळ्यांत सरळसरळ विनवणी दिसली. "चंदना. तुझ्या पोटचा हाय. तुझ्या एका शब्दावर हाय सगळं. तुला काय होणार न्हाय गं. त्याचा जन्म जाईल."

तेही खरं होतं. ती प्राचीला म्हणाली, "तुला कवा कळलं?"

"तुझे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. पोलीस मॅडमनी बोलवून घेतलं आणि नाव वाचलं. चंदना वर्धमान मगदूम, ओळखता का? मी म्हणलो, काकू हाय माझी."

"आणि दहा दिवस बोलली न्हाईस?"

"तुझे उपवास होऊ देत म्हणलं."

चंदनाला ते दहा दिवस आठवले. रोज संध्याकाळी उकळून गार केलेलं पाणी प्राचीनंच आणून दिलेलं. पाय चेपलेले. पाचव्या दिवशी नोटीस आली तेव्हा ती दारात उभी होती आणि तिला नवल वाटलं नव्हतं. चंदनाला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

"प्राची, माझं नाव ऐकल्यावर तुला वाटलं का, की मीच असंन?"

प्राचीनं लगेच नाही म्हटलं नाही.

"घटकाभर वाटलं, काकू," ती म्हणाली. "सिम कुणाची कुणाकडं असत्यात ते मला ठाऊक हाय. तरी पण घटकाभर. तवा मी कुणावर पण विश्वास ठेवत नव्हतो. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं तरी वाटायचं, ह्यानंच लिहिलं असंल."

पोरीच्या मनातला तो घटकाभराचा संशय फिटला होता. उद्या आपण सायबर पोलिसांच्या टेबलापुढं 'मीच वापरतो' म्हणालो, तर तो सही-अंगठ्यानिशी कायमचा खरा होणार. ती ओळ चंदनाची होणार. प्राचीची वेणी घालणाऱ्या बाईनं ते लिहिलं, असं सरकारच्या दप्तरात राहणार.

"धैर्या," ती म्हणाली, "मी खरं सांगणार. सिम माझी, फोन चिरागचा."

"आक्का, एकदा बोललीस की मागं घेता येत न्हाय ते."

"म्हणूनच."

चिराग रडायला लागला. लहानपणी रडायचा तसंच, तोंड उघडं ठेवून. "मम्मी, बोट जाईल माझी."

"जाईल."

"मी सुधारेन असं वाटतंय का तुला त्यानं? कायदा मला सुधारणार?"

"मला ठाऊक न्हाय," चंदना म्हणाली. "तुझं तू बघ. तू सुधरावं म्हणून मी जात न्हाय. मला माझं नाव परत पाहिजे."

"आणि मला," प्राची चिरागला म्हणाली, तिच्याही गालावर पाणी होतं आणि ते ती पुसत नव्हती, "मला एवढंच पाहिजे की हे कुठंतरी गुन्हा म्हणून लिहिलेलं असावं. पेठेत सगळे गंमत म्हणतात त्याला. पप्पांच्या दोस्तांनी गंमत म्हणलं, शाळेत गंमत म्हणलं. एका तरी जागी ते गंमत नव्हतं असं असावं. पुढं कोण थांबलं, न्हाय थांबलं, ते मला सांगता येत न्हाय."

कढण निवून त्यावर साय धरली होती. चमच्याला कुणी हात लावला नाही. चंदनानं दोन्ही हातांनी वाटी उचलली, रीत मोडली, आणि स्वतःच तोंडाला लावली.

*

दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांच्या कचेरीत टेबलामागं तीच पोलीस बाई होती. कपाळावर गुलालाचा पुसट डाग राहिला होता. बंदोबस्त संपवून सरळ कामावर आली असावी. बाकावर वृषभ आणि प्राची. वर्धमान आत आला नाही. तो बाहेर स्कूटरवर बसून राहिला, हेल्मेट न काढता.

"हा नंबर तुमच्या नावावर आहे?"

"व्हय."

"वापरतं कोण?"

चिराग तिच्या उजव्या बाजूला उभा होता. त्याची बाही तिच्या दंडाला लागत होती.

"माझा मुलगा," चंदना म्हणाली. "हा."

"नक्की ना काकी? विचार करून सांगा. मी लिहिते आहे."

"लिहा," चंदना म्हणाली.

पोलीस बाईनं लिहिलं.

एप्रिलातल्या त्या संध्याकाळी, वरच्या खोलीतून तो नंबर टाकून चिराग खाली जेवायला आला तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि या घरात अंधार पडल्यावर जेवत नसत, म्हणून मैदानावरून नुकत्याच आलेल्या प्राचीनं कपडेही न बदलता घाईघाईनं त्याचं ताट वाढलं होतं.